पोलिसांचं वजन, घोरणं आणि अर्धवट झोप : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणजे रात्री पेशंटला वायरी लावून झोपवायचं आणि आपण स्क्रीनसमोर जागं राहायचं, आणि राहायला पोलीस लाईनीत कारण आमचे हे खात्यात. त्यामुळे जिन्यात, गिरणीत, हळदीकुंकवाला, कुठेही कुणी भेटलं की विषय एकच, "ताई, आमचे हे फार घोरतात हो." तेच तेच सांगून झालं म्हणून एकदा सगळं लिहून काढते. मी डॉक्टर नाही, गोळ्याबिळ्या सांगणार नाही, त्या तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

वजन वाढलं म्हणून झोप बिघडते की झोप बिघडली म्हणून वजन वाढतं?

दोन्ही होतं, आणि एकदा सुरू झालं की एकमेकांना धरून वाढत जातं. वजन वाढलं की चरबी फक्त पोटावर येत नाही, मानेभोवती, जिभेत, घशाच्या भिंतीतही साठते, मग आडवं झाल्यावर श्वासाची वाट अरुंद होते आणि वर पोटाचा दाब फुफ्फुसाखालच्या पडद्यावर. उलट बाजूने बघा, झोप कमी झाली की भुकेचे हार्मोन बिघडतात. शिकागोत २००४ साली एक प्रयोग झाला होता, १२ तरुण धडधाकट पुरुष, त्यांना दोन रात्री फक्त चार-चार तास बेडवर राहू दिलं, तर पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त झालं, आणि भूक लागायची ती गोड, खारट, पिठूळ गोष्टींची. आता दोन रात्रींत हे होत असेल तर गणपतीचे दहा दिवस, मग नवरात्र, मग निवडणूक, याचं काय होणार ते तुम्हीच सांगा.

माझं मत विचाराल तर पोलिसांच्या बाबतीत सुरुवात बहुतेकदा झोपेकडून होते. भरतीला १६०० मीटर धावून आलेला पोरगा असतो हो तो. दहा वर्षांत पट्ट्याला नवीन भोकं पाडायची वेळ येते ती काय फक्त खाण्याने आली का? पण सगळे आधी बोट दाखवतात पोटाकडेच.

घोरतो म्हणजे गाढ झोपलाय असं नाही का?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की लोक कौतुकाने सांगतात, पडल्या पडल्या घोरायला लागतात म्हणून. साधं एकसुरी घोरणं असेल तर एक वेळ ठीक, पण घोरणं चालू आहे, मध्येच एकदम शांतता, दहा-वीस सेकंद काहीच आवाज नाही, आणि मग फुर्रकन मोठा श्वास किंवा दचकून कूस बदलणं, असं असेल तर त्या शांततेची काळजी करा. तेव्हा श्वास थांबलेला असतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. आणि हे ज्याला होतं त्याला कळत नाही, बायकोला कळतं, नाहीतर बॅरेकमध्ये शेजारच्या कॉटवरच्याला.

पण श्वास थांबतो म्हणजे नेमकं काय होतं?

दुधाची रिकामी पिशवी तोंडाला लावून आत हवा ओढली की ती कशी चप्प चिकटते, तसं झोपेत घशाचं होतं. जागेपणी तिथले स्नायू वाट उघडी धरून ठेवतात, झोपेत ते सैल पडतात, त्यात आजूबाजूला चरबी असेल आणि माणूस उताणा झोपला असेल तर वाट बंदच.

स्क्रीनवर हे फार स्पष्ट दिसतं. एक हवालदार आले होते, पन्नाशीच्या आतबाहेर, गडी उंचापुरा. छातीचा पट्टा आणि पोटाचा पट्टा जोरात हलताहेत, म्हणजे श्वास घ्यायची धडपड चालू आहे, पण नाकाजवळची हवेची रेघ मात्र सपाट. ऑक्सिजन ९५ वरून खाली यायला लागतो, ९०, ८५, ८० च्या खाली, नाडी वाढते, मग मेंदू दोन-चार सेकंद जागा होतो, एक मोठी घरघर, पाय झटकला जातो, ऑक्सिजन परत वर. अर्ध्या मिनिटाने पुन्हा तेच. रात्रभर. सकाळी मी वायरी काढत होते तर मला म्हणतात, "लय दिवसांनी अशी निवांत झोप लागली बघा."

तासाला असे किती प्रसंग होतात ते मोजतात, त्याला एएचआय म्हणतात. ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० किंवा जास्त म्हणजे तीव्र. म्हणजे तीव्रवाल्याची झोप दर दोन मिनिटाला किंवा त्याआधीच मोडतेय. तो दिवसा स्टेशन डायरी लिहिताना पेंगणार नाही तर काय करणार.

हे पोलिसांनाच जास्त होतं का?

पोलिसांवरचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास अमेरिका-कॅनडातला आहे, २०११ साली आला, जवळपास पाच हजार पोलीस होते त्यात. चाळणी लावली तर ४०.४ टक्के जणांना कुठला ना कुठला झोपेचा आजार असण्याची शक्यता निघाली, त्यात सगळ्यात मोठा वाटा स्लीप ॲप्नियाचा, ३३.६ टक्के. चारातल्या एकाने, नेमकं सांगायचं तर २६.१ टक्के जणांनी, कबूल केलं की महिन्यातून एकदा तरी गाडी चालवताना डोळा लागतो. आणि ज्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली त्यांच्यात कागदपत्रातल्या गंभीर चुका, लोकांवर किंवा संशयितावर राग अनावर होणं, गैरहजेरी हे सगळं जास्त होतं. हे प्रश्नावलीवरचं आहे, सगळ्यांना वायरी लावून तपासलेलं नाही, हे ध्यानात ठेवा. तरीपण.

तिकडेच बफेलो शहरातल्या पोलिसांवर बरीच वर्षं अभ्यास चालू आहे, तो करणारे जॉन व्हायोलांटी हे स्वतः न्यूयॉर्क राज्याच्या पोलिसात नोकरी केलेले, त्यामुळे त्यांना बाहेरून बघणारा म्हणता येत नाही. त्यांच्याकडे असं दिसलं की रात्रपाळी आणि सहा तासांपेक्षा कमी झोप हे एकत्र आलं की पोटाचा घेर, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल ही मंडळी हातात हात घालून येतात.

आपल्याकडे तर विचारूच नका. विसर्जनाचा बंदोबस्त म्हणजे सकाळी लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उभा, लालबागचा राजा गिरगाव चौपाटीला पोचून विसर्जन होईपर्यंत सुटका नाही. साप्ताहिक सुट्टी कागदावर, फोन आला की निघायचं.

मुंबईत आठ तास ड्युटी झाली ना, मग?

झाली होती की. २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाली, एका शिपायानेच आखून दिलेली योजना होती ती, मला त्याचं फार कौतुक वाटलेलं. मग इतर ठाण्यांत नेली. २०२२ मध्ये महिला पोलिसांची ड्युटी बारावरून आठ तास करायचा आदेश राज्यभर निघाला. पण मनुष्यबळ कमी पडलं की, सण आले की, मोर्चे आले की पुन्हा बारा तास, हे लाईनीतल्या प्रत्येक घराला माहितीये. आणि आठ तास ड्युटी म्हणजे आठ तास झोप नव्हे. बदलापूर-विरारवरून येणाऱ्याचे येऊन जाऊन चार तास लोकलमध्येच जातात.

घरच्या घरी कसं ओळखायचं?

स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी आहे, ती डोक्यात ठेवा : मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा किंवा पेंग असते का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, बीपी आहे का, बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष आहात का. तीन किंवा जास्त "हो" आली तर डॉक्टरला दाखवा, पाच किंवा जास्त असतील तर टाळाटाळ नकोच.

गळा मोजायला टेलरची टेप पुरते, आणि नाहीतरी युनिफॉर्म शिवताना कॉलरचा नंबर निघतोच की. सोळाच्या पुढची कॉलर लागायला लागली म्हणजे चाळीसच्या पुढे गेलात.

दुसरी एक एपवर्थ स्केल आहे, मेलबर्नमधून १९९१ साली आलेली. वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी जेवल्यावर, सिग्नलला गाडी थांबल्यावर अशा आठ वेळांना डुलकी लागायची शक्यता किती, शून्य ते तीन मार्क द्यायचे, बेरीज १० च्या वर गेली तर जास्त. आमच्याकडे एकाने फॉर्म भरताना विचारलं, "मॅडम यात उभ्या उभ्या झोप लागणं कुठे लिहायचं?" तो कॉलम मूळ यादीत नाही, पोलिसांना विचारून बनवली नसणार.

बीएमआय किती म्हणजे जास्त?

आपल्या लोकांसाठी आकडे खाली आणलेत. भारतीयांमध्ये २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्यात कमी वजनातही पोटावर चरबी जास्त असते. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० च्या आत पाहिजे. मोजताना पोट आत ओढायचं नाही. सगळे ओढतात.

आमचा तर काडीपहिलवान आहे, तरी घोरतो?

होऊ शकतं. जबडा लहान किंवा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील, नाक चोंदलेलं असेल तर बारीक माणसालाही ॲप्निया होतो. उलट जिममधला कमावलेला जाड गळाही धोक्यातच मोजतात, कमांडो असलात तरी.

नाईटला काय खायचं? भूक तर लागतेच.

भूक लागते हे खरंय पण रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही, दिवसा जे पचतं ते रात्री दोन वाजता तसं पचत नाही. म्हणून मुख्य जेवण ड्युटीवर जायच्या आधी घरी करा, भाकरी भाजी डाळ जे असेल ते, आणि रात्री बारा ते सकाळी सहा शक्यतो जड काही नको. डब्यात फुटाणे, शेंगदाणे थोडे, उकडलेली अंडी, काकडी, एखादं फळ. नाक्यावरची भुर्जीपावची गाडी तीन वाजता समोर उभी असते आणि वास येतो, मान्य आहे.

खरी गोम चहात आहे. आल्या-गेल्या प्रत्येकाबरोबर कटिंग, रात्रीत आठ-दहा होतात, प्रत्येकात दीड-दोन चमचे साखर, म्हणजे चहाचहातच अर्धी वाटी साखर पोटात जाते आणि वर कॅफिनमुळे सकाळी घरी झोप येत नाही. चहा पूर्ण सोडा असं मी म्हणणार नाही, कुणी ऐकत नाही. पहिल्या अर्ध्या रात्रीतच काय ते प्या, बिनसाखरेचा जमला तर उत्तम, आणि झोपायच्या सहा तास आधी बंद. बंदोबस्ताला जे पाकीट येतं त्यात पुरी-भाजी नाहीतर पुलाव, ते तुमच्या हातात नाही, पण दुसरं पाकीट घेणं तुमच्याच हातात आहे.

नाईट करून आल्यावर झोप कशी काढायची?

येताना गॉगल घाला, स्टाईल म्हणून नाही, सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की मेंदूला वाटतं दिवस उजाडला. घरी आल्यावर मोबाईल, बँकेचं काम, पोरांची शाळा यात पडायच्या आधी झोपा. खोली काळोखी, पंखा फुल, दाराची बेल बंद. सलग सहा-सात तास नाही जमले तर सकाळी चार-पाच तास आणि ड्युटीला जायच्या आधी संध्याकाळी दीड तास असे तुकडे करा. रात्री संधी मिळाली तर वीस मिनिटांची डुलकी फार कामाची, अलार्म लावून, कारण तासभर झोपून उठलात तर डोकं जड राहतं आणि त्याच वेळी कॉल आला तर पंचाईत.

आणि घरच्यांना एक विनंती. दिवसा झोपलेल्या माणसाला "किती झोपायचं ते" म्हणू नका. तो रात्रभर जागा होता.

थोडी घेतली की झोप छान लागते, ते चालतं ना?

लागते लवकर, पण घशाचे स्नायू अजून सैल पडतात, त्यामुळे ॲप्निया असलेल्याची रात्र आणखी वाईट जाते. झोपेच्या गोळ्यांचंही तेच, काही गोळ्या श्वास दाबतात, मेडिकलवाल्याकडून मनाने घेऊ नका. सिगारेट घशाला सूज आणते. तंबाखूतलं निकोटिन झोप उडवतं.

टेस्ट कशी असते? ॲडमिट व्हावं लागतं?

लॅबमध्ये एक रात्र, डोक्याला, छातीला, पायाला सेन्सर, नाकाजवळ नळी, बोटाला क्लिप. दुखत काही नाही, टोचत काही नाही, डोक्याला जेल लागतं ते सकाळी धुवावं लागतं एवढंच. सोपी केस असेल तर घरी करायचं छोटं मशीनही देतात. खर्च शहराप्रमाणे बदलतो, काही हजारात जातो. कुणाकडे जायचं तर छातीचे डॉक्टर किंवा कान-नाक-घसावाले, जे झोपेचं काम बघतात. महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत तुमच्या हॉस्पिटलमध्ये काय बसतं हे आधी विचारून घ्या आणि लेखी घ्या, नंतर बिलावरून वाद नको. चाळिशीनंतरच्या मेडिकलला रक्त-लघवी-ईसीजी करून मोकळे होतात, तिथे "मी घोरतो आणि दिवसा पेंगतो" हे एक वाक्य तुम्हीच डॉक्टरांना सांगा.

टेस्टला नाईट करून थेट येऊ नका. इतके दमलेले असता की नेहमीची झोप दिसतच नाही.

ॲप्नियावरचं मशीन लावलं की वजन उतरतं का?

नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते कारण विकणारे उलट सांगतात. सीपॅप मशीन म्हणजे नाकावाटे दाबाने हवा, घसा मिटू नये म्हणून, ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये दाखवलं ते. त्याने ॲप्निया थांबतो, दिवसा डोकं ताळ्यावर येतं, बीपीलाही थोडी मदत होते. पण नुसत्या मशीनवर वजन कमी होत नाही, अभ्यासांमध्ये तर सरासरी किंचित वाढलेलंच दिसलं. मशीनमुळे काय होतं तर अंगात चालायला जायची ताकद येते. चालायचं तुम्हालाच.

किती किलो घटवले तर फरक पडेल?

विस्कॉन्सिनमध्ये लोकांना वर्षानुवर्षं तपासून हे काढलंय, २००० साली छापून आलं : वजन १० टक्क्यांनी वाढलं तर तो एएचआय साधारण ३२ टक्क्यांनी वाढतो, १० टक्के कमी झालं तर २६ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे ९० किलोचा माणूस ८१ वर आला तर खूप झालं, सिक्स पॅक नको. मात्र तीव्र ॲप्निया असेल तर वजन उतरेपर्यंत मशीन बंद ठेवायचं नाही.

इंजेक्शन आणि ऑपरेशनचं काय?

टिर्झेपटाईड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली, भारतात ते मौंजारो नावाने मार्च २०२५ पासून मिळतं, मधुमेह आणि वजनासाठी. महाग आहे, उलट्या-मळमळ होते, आणि बंद केलं की वजन बऱ्याचदा परत येतं. जिमवाल्याकडून घ्यायची वस्तू नाही ही.

ऑपरेशनवरून आठवलं, २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीच्या दिवशी एका नामवंत लेखिकेने एका जाड पोलिसाचा फोटो टाकून खिल्ली उडवली होती. ते मुंबईचे नव्हतेच, मध्य प्रदेश पोलिसातले निरीक्षक होते आणि आजारपणामुळे वजन वाढलं असं त्यांचं म्हणणं होतं. नंतर मुंबईतच त्यांच्यावर वजन कमी करायची शस्त्रक्रिया झाली. फोटो काढून हसणाऱ्या किती जणांना विचारावंसं वाटलं असेल, की बाबा तू झोपतोस का नीट?

आसामसारखा बीएमआयचा नियम इकडे आला तर?

आसामात २०२३ मध्ये पोलीस महासंचालकांनी सगळ्यांचा बीएमआय मोजायचं जाहीर केलं, तीन महिने मुदत, ३० च्या वर राहिले तर स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय, थायरॉइडसारखा खरा आजार असलेल्यांना सूट. फिटनेसवर लक्ष देणं चांगलंच, पण वजनकाट्यावर उभं करताना त्याच दिवशी स्टॉप-बँगचे आठ प्रश्न विचारले असते तर फुकटात काम झालं असतं. झोप न तपासता नुसतं "वजन कमी कर" म्हणणं मला पटत नाही.

महिला पोलिसांना हा त्रास असतो का?

असतो, पण ओळखू येत नाही. बायकांमध्ये मोठं घोरणं कमी, त्यापेक्षा झोप न लागणं, सकाळी डोकं दुखणं, सतत थकवा, चिडचिड अशी लक्षणं जास्त, मग थायरॉइड तपासतात, हिमोग्लोबिन तपासतात, "टेन्शन घेऊ नका" सांगून परत पाठवतात. पीसीओडी असेल किंवा पाळी गेली असेल तर धोका वाढतो. शिवाय नाईट करून आल्यावर डबे, पोरं, सासूबाईंची औषधं. पुरुष आल्यावर झोपतो तरी. बंदोबस्ताला टॉयलेट नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही आणि मग घरी येऊन एकदम जेवायचं, हे मी शेजारच्या ताईंचं रोज बघते.

साहेबांना कळलं तर ड्रायव्हरवरून काढतील म्हणून तपासत नाही, काय करू?

भीती समजते. पण पीटर मोबाईल, म्हणजे ठाण्याची गस्तीची गाडी, चालवताना किंवा कैदी पार्टी घेऊन जाताना पहाटे चारला डोळा लागला तर नोकरीच्या पुढचा प्रश्न आहे, गाडीत तुम्ही एकटे नसता. मशीन किती तास वापरलं, ॲप्निया किती उरला, याची रोजची नोंद मशीनमध्येच राहते. तो रिपोर्ट हातात असलेला माणूस काहीच न तपासलेल्यापेक्षा कधीही मजबूत बाजूचा. उपचार सुरू होईपर्यंत लांबची ड्रायव्हिंग ड्युटी दुसऱ्याला द्यायला सांगा.

मशीन घेतलं तर पंधरा दिवसांच्या वारी बंदोबस्ताला कसं नेणार?

डब्याच्या पिशवीएवढं असतं, नेता येतं. शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात मुक्काम असतो तिथे भिंतीतल्या पॉइंटसाठी आधी मोबाईल चार्जिंगवाल्यांशी भांडण ठरलेलं, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा न्या, आणि लाईट जाणाऱ्या गावात राहायचं असेल तर मशीनला चालणारी बॅटरी मिळते तिची चौकशी करा. ओलाव्याच्या टाकीत बाहेरचं पाणी घालू नका, डिस्टिल्ड वॉटर, नाहीच मिळालं तर उकळून गार केलेलं घाला, नाहीतर तेवढे दिवस टाकी रिकामी ठेवली तरी चालतं, घसा जरा कोरडा पडेल. मास्क रोज पुसा. अगदीच नेता आलं नाही तर कुशीवर झोपा, टी-शर्टच्या पाठीला आतून खिसा शिवून त्यात टेनिस बॉल टाका म्हणजे उताणं व्हायला आलं की टोचतो. आमच्या ह्यांना मीच शिवून दिलाय, बॅरेकमध्ये हसले सगळे, आता तिघांनी मागितलाय.